पाणी सोडणारे

हौदाच्या तळाशी गाळ साचतो, तसे किस्से साचतात. हौद भरलेला असतो तोवर कोणाला दिसत नाही. रिकामा झाला की माणूस वाकून बघतो आणि म्हणतो, अरे, एवढा होता.

दादा गेल्यापासून जबलपुरातल्या गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी पंप हाऊसची माणसं येऊन राहिली आहेत. उन्हातून सायकल मारत येतात, दाराशी चपला काढतात, आईकडे न बघता सतरंजीवर बसतात. सुतकाच्या घरचं पाणी पीत नाहीत, म्हणून आई विचारत नाही आणि ते मागत नाहीत. कोरड्या घशाने बसून राहतात. रडणं त्यांना जमत नाही. मग कोणीतरी खाकरतो आणि म्हणतो, "शरद एकदा काय बोलला माहीत आहे का?"

आणि किस्सा सुरू होतो.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हे सगळं डोक्यात घेऊन झोप येत नाही, म्हणून जसं ऐकलं तसं लिहून टाकतो.

सगळे आले. फक्त वामनकाका आले नाहीत. वामनकाका म्हणजे पंप हाऊसमधले सगळ्यात जुने. आमचे बाबा गेल्यावर दादाला त्यांनीच तिथे लावलं, व्हॉल्व्हचा चक्का, म्हणजे चाक, धरायला त्यांनीच शिकवलं. दिवाळीचा पहिला लाडू आमच्याकडून त्यांच्या घरी जायचा. ते आले तर मी काय करीन, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गल्लीतले व्हॉल्व्ह उघडायची दादाची लोखंडी चावी त्याच्या सामानाबरोबर घरी आली होती, कमरेपर्यंत येईल एवढी. ती मी दाराआड उभी केली होती. आई रोज ती आत नेऊन ठेवायची. मी रोज बाहेर आणायचो.

* * *

पंप हाऊस म्हणजे लष्करी फॅक्टरीच्या मागचा एक मोठा हौद. नदीचं पाणी त्यात यायचं आणि दोन वाटांनी बाहेर जायचं. एक वाट फॅक्टरीला, तिचा चक्का लाल. दुसरी आमच्या वस्तीला, तिचा हिरवा.

लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद लागले. फॅक्टरीत तिसरी पाळी सुरू झाली, नवीन शेड उभ्या राहिल्या. तिथे लालबुंद लोखंड पाण्यात बुडवून कडक करतात. त्याला कारागीर 'पाणी देणं' म्हणतात. जितका माल, तितकं पाणी. एक दिवस ओव्हरसियर मिश्राजी हुकूम घेऊन आले: लाल चक्का पूर्ण उघडा, हिरवा फक्त सकाळी थोडा वेळ.

दादा म्हणाला, "साब, बस्ती का क्या?"

"शरद, देश पहले।"

"सही है साब। पर देश नहाता कहाँ है? हमारी ही गली में ना?"

मिश्राजींनी हे आमच्या सतरंजीवर बसून स्वतः सांगितलं. सांगता सांगता हसले, मध्येच थांबले आणि चष्मा पुसत बसले.

हुकूम मात्र तोच राहिला.

* * *

खोटं काहून बोलू, त्या दिवसांत पैसा आला. वस्तीत प्रत्येकाला ओव्हरटाइम. आमच्याकडे आधी स्टोव्ह आला, मग दादाची सायकल, मग रेडिओ. रेडिओ आणला त्या दिवशी दादाने तो खांद्यावरून पूर्ण गल्लीतून फिरवून घरी आणला. शेजारीपाजारी गोळा झाले. लढाईच्या बातम्या लागल्या. कुठल्या तरी ठाण्यावर आपला झेंडा लागला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई बातम्या संपेपर्यंत कोपऱ्यात उभी होती. मग म्हणाली, "हा डब्बा सगळं सांगते ना? मग विचार त्याला, नळ कधी येईल."

* * *

मी कमानिया गेटजवळ भांड्यांच्या दुकानात हमाली करतो. आमच्या सेठचं भलतंच जोरात चाललं होतं. नळ कोरडे पडले तसे लोक पिंप घ्यायला लागले, टाक्या घ्यायला लागले. ज्यांच्या घरी पूर्वी दोन घागरी असायच्या त्यांनी सहा घेतल्या. पाणी तेवढंच, पण ते भरून ठेवायची भांडी वाढली. सेठ रोज सकाळी गल्ल्याला हात जोडायचा आणि म्हणायचा, "जय हो, जब तक नल सूखा है, दुकान हरी है।"

त्या हंगामात सेठने दुकानावर एक मजला चढवला. मजला चढला तशी संडास-बाथरूम केली, आणि पितळेची तोटी असलेला नवीन नळ बसवला. नारळ फोडला. पेढे वाटले. तोटी फिरवली.

तोटीतून हवा आली. नुसती हवा. सेठच्या धोतराचा सोगा हलला तेवढाच.

सेठने तोटी पुन्हा एकदा फिरवून बघितली. मग वरूनच ओरडला, "मनोहर, एक बड़ा ड्रम ऊपर ला।"

हा किस्सा मी दादाला सांगितला तेव्हा तो जेवत होता. घास हातात धरून हसला. त्याला मी इतकं हसवलं ते शेवटचंच.

* * *

फॅक्टरीतून जे पाणी बाहेर पडायचं ते नाल्याने शहपुऱ्याच्या रस्त्याकडे जायचं. पूर्वी तो नाला पावसाळा संपला की आटायचा. आता बारा महिने वाहायचा, कोमट, वरती तेलाचे रंग. लोकांनी काठावर वाफे केले. वांगी अशी धरली की एका हातात मावत नाहीत. बाजारात ती 'मशीनची वांगी' म्हणूनच विकली जायची.

दादा एकदा दोन घेऊन आला. म्हणाला, "आपलंच पाणी आहे, आई. लाल चक्क्यातून गेलेलं. कमीत कमी वांगं होऊन तरी घरी आलं."

आईने वांगं चिरलं, वास घेतला आणि कढई स्टोव्हवर ठेवली. दादाने तेलाची बाटली पुढे केली.

"राहू दे," आई म्हणाली. "याच्यात आहे."

* * *

हाही मिश्राजींनीच सांगितलेला. ते इथे नवे होते तेव्हाचा. वरून विचारणा झाली की फॅक्टरीला आणखी पाणी कुठून आणता येईल. मिश्राजींनी शहराचा जुना नकाशा उघडला. नकाशात जागोजागी ताल, म्हणजे तलाव. हे ताल, ते ताल, प्रत्येकाला नाव. त्यांना वाटलं, अरे, हे तर पाण्यावर बसलेलं गाव. एक मोठा ताल निवडला, सायकल काढली आणि दादाला बरोबर घेतलं.

पूर्ण सकाळ फिरले. ज्याला विचारावं तो म्हणे, हां, हाच तो मोहल्ला. शेवटी दमून एका जिलेबीच्या दुकानात बसले.

मिश्राजींनी विचारलं, "शरद, सच बता, ताल है कहाँ?"

दादाने बाकाखाली पाहिलं. "यहीं है साब। थोड़ा नीचे।"

घरं वाढली, दुकानं वाढली, तशी भर पडत गेली आणि तलावाचं फक्त नाव उरलं. मिश्राजी म्हणाले, त्या दिवशी आम्ही जिलेबी खाल्ली आणि परत आलो. परत येताना मी त्याला म्हटलं, काळजी करू नको, माल बढ़ेगा तो पानी भी बढ़ेगा, सरकार कुछ न कुछ करेगी।

"तो काय म्हणाला?" मी विचारलं.

मिश्राजी म्हणाले, "वो बोला, साब, पानी बढ़ता नहीं है, खिसकता है।"

* * *

आता वामनकाकांचा.

वामनकाका नागपूरकडचे. तीस वर्षं जबलपुरात काढली, पण हिंदी त्यांच्या कानात मराठी होऊनच शिरायची. आम्ही सगळे असेच, घरात एक आणि दाराबाहेर दुसरं. पण काकांचं जरा जास्त. त्यात पंपाची घरघर ऐकून कान अर्धे गेलेले. त्यांना आख्खं वाक्य कधी पोचायचंच नाही. दोन शब्द पकडायचे आणि बाकीचं स्वतः जोडायचे.

एकदा दुपारी मिश्राजी आले. काका हिरव्या चक्क्याजवळ उभे. वस्तीत एका ठिकाणी पाइप बदलून राहिले होते, त्यासाठी पाणी बंद केलेलं. मिश्राजी चांगल्या मनाने लांबून म्हणाले, "काका, पानी छोड़ो, पहले खाना खा लो।"

म्हणजे पाण्याचं राहू द्या, आधी जेवून घ्या.

काकांच्या कानात शिरलं 'पानी छोड़ो'. मराठीत त्याचा एकच अर्थ. सोडा. त्यांनी 'हौ साहेब' म्हटलं आणि चक्का फिरवला. तिकडे पाइपात डोकं घालून बसलेला मिस्तरी पाण्याच्या लोंढ्याबरोबर मागे उडाला, तो थेट पानवाल्याच्या टपरीत. पानवाला म्हणतो, मी काही बोललो नाही, चुना लावून पान त्याच्या हातात दिलं.

पूर्ण आठवडा पंप हाऊसमध्ये हेच चाललं. कोणी काही मागितलं की दुसरा म्हणायचा, "छोड़ो, काका, छोड़ो।" काकाही हसायचे, पोट धरून.

दादा म्हणायचा, "काका, तुम्ही एक दिवस कोणाला तरी धुऊन काढाल."

आमच्या घरी हा किस्सा सगळ्यांनी सांगितला. प्रत्येकाने सुरुवात अशीच केली, हसत. आणि दादाच्या या वाक्यापाशी येऊन प्रत्येक जण थांबला.

* * *

सुखलाल भैया उशिरा आला. तो दादाच्याच पाळीतला हेल्पर. भिंतीला टेकलाही नाही. तो हिंदीत बोलला, मी बरंचसं मराठीत लिहितो.

लाल वाटेच्या तोंडाशी एक खोल कोठी आहे, विहिरीसारखी. तिच्यात जाळी. नदीचं शेवाळ, पाला, गाळ, सगळं त्या जाळीत अडकतं. ती साफ करायची तर लाल चक्का बंद करायचा, कोठी रिकामी होऊ द्यायची आणि एका माणसाने लोखंडी पायऱ्यांनी खाली उतरायचं. एकानेच. तो वर आला की चक्का उघडायचा. एक गेला, एक आला, हिशेब सोपा.

त्या दिवशी फॅक्टरीतून सारखा निरोप येऊन राहिला होता, लवकर करा, माल अडकलाय. म्हणून दोघं उतरले. काका तेव्हा तिकडे पंपांपाशी होते, त्यांना हे माहीत नव्हतं. तळाला गाळ होता आणि गाळावर गुडघाभर पाणी. दादा ते बादलीने उपसायचा, सुखलाल बादली वर नेऊन ओतायचा.

मिश्राजी आले. बघतात तर अजून पाणीच उपसणं चाललंय. त्यांनी लांबून, पंपाच्या आवाजात, नुकत्याच लाल चक्क्यापाशी आलेल्या वामनकाकांना सांगितलं की त्याला म्हणा, ते पाणी राहू दे, वर ये, बाकीचं नंतर बघू. "शरद को बोलो, पानी छोड़ो, ऊपर आ जाओ।"

नेमका तेव्हाच सुखलाल बादली घेऊन वर आला. डोक्याला गमछा, तोंडभर गाळ. काकांनी त्याच्याकडे पाहिलं. गाळात सगळे सारखेच दिसतात. काकांना वाटलं, शरद वर आला. एक गेला होता, एक आला.

आणि कानात दोन शब्द पोचले होते.

मी विचारलं, "कोणते?" मला माहीत होतं तरी विचारलं.

सुखलाल खाली बघून म्हणाला, "वही भैया। जिस पे सब हँसते थे।"

दादाला वर काढायला चक्का पुन्हा बंद करावा लागला. काढलं. त्यानंतर फॅक्टरीचा निरोप पुन्हा आला.

"मग?"

"मग उघडला."

"कोणी? त्यांनीच?"

"नहीं। काका तो वहीं ज़मीन पर बैठ गए थे।" सुखलालने आपले दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवले. "मैंने खोला, भैया।"

त्या पाळीत फॅक्टरीला पाणी कमी पडलं नाही.

* * *

दहाव्याला ग्वारीघाटावर गेलो. नर्मदेचं पाणी पायरीला लागलेलं. इकडे नदी भरून वाहते आणि गढ्यात लोक घागरी घेऊन भांडतात, असं माझ्या डोक्यात येत होतं. डोकं ठिकाणावर नव्हतंच.

गुरुजी आपल्याच लोकांतले, म्हातारे. त्यांनी माझ्या ओंजळीत तीळ घातले, वर पाणी घातलं. दादाचं नाव घेतलं, बाबांचं नाव घेतलं, गोत्र म्हटलं. मग म्हणाले, "आता अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडा."

माझे हात आवळले.

"सोडा."

मी ओंजळ छातीशी धरली.

"अहो, सोडा ना. मागे लोक थांबलेत."

मी म्हटलं, "गुरुजी, दुसरा काही शब्द नाही का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं कोण जाणे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाही रे बाबा. सगळ्यांना हाच आहे."

पाणी बोटांच्या फटींतून आपोआप गळून गेलं. तीळ हाताला चिकटून राहिले. मी सोडलं असं मी म्हणणार नाही.

उठलो, वळलो, तर वरच्या पायऱ्यांवर वामनकाका उभे. उन्हात, उघड्या डोक्याने. मी ओल्या धोतराने तसाच वर धावलो. सुखलालने आणि मिश्राजींनी मला मध्येच धरलं. मी शिव्या दिल्या, मराठीत, हिंदीत, तोंडाला येतील त्या. काका पळाले नाहीत. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं की नाही, कोण जाणे. मला धरून ठेवलंय हे बघून मग ते हळू वळले आणि निघून गेले.

घरी येताना आई टांग्यात म्हणाली, "त्यांच्या पायात चपला नव्हत्या."



* * *

तेरावं झालं. सुतक फिटलं. घर धुतलं, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या पाण्यातच.

त्यानंतर एका दुपारी दाराशी सावली आली. मी बघितलं आणि दाराआडची चावी हातात घेतली. आई स्टोव्हपाशी होती. ती उठली, पण मध्ये आली नाही.

वामनकाका आत आलेच नाहीत. बाहेरच्या ओट्याच्या पायरीवर बसले, आमच्याकडे पाठ करून. मानेवर दाढीचे पांढरे खुंट. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी येतानाच पाहिलं होतं.

 मग त्यांनी तसंच, पाठमोरं, विचारलं, "वहिनी, आज नळ आला होता का?"

तीस वर्षं ते कोणाच्याही घरी गेले की आधी हेच विचारायचे.

"हौ," आई म्हणाली. "आला होता थोडा. सुखलाल पाहून राहिला आता."

"बारीक येते का?"

"बारीक येते. पण येते."

काकांनी मान हलवली.

आईने लोटा घासला. पिंपावरचं झाकण काढलं, लोटा भरला, पदराने बाहेरून पुसला आणि ओट्यावर त्यांच्यापाशी ठेवला. "घ्या."

"नको, वहिनी."

"काहून? सुतक फिटलं."

"तुमचं फिटलं," काका म्हणाले.

लोटा तसाच राहिला. एक माशी येऊन काठावर बसली. आईने ती हाकलली, लोटा उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"तू दे."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, लोट्याकडे बघत होती, सांडू नये म्हणून. लोटा घ्यायचा तर हात मोकळा हवा. मी चावी भिंतीला टेकवली. ती सरकली आणि फरशीवर आपटली, मोठा आवाज झाला. काका दचकले नाहीत.

मी ओट्यावर गेलो. काका एक पायरी खाली उतरले आणि उकिडवे बसले. मान खाली घातली आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. आमच्याकडे वाटसरू पाणी पितो तशी. तळहातांवर चक्क्याचे घट्टे होते, दादाला होते त्याच जागी. ओंजळ त्यांनी घट्ट जुळवून धरली होती.

मी लोटा वाकवला. पाणी काठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. माझा हात पुढे जाईना.

काका ओंजळ धरून बसले होते. वर बघत नव्हते.

"मन्या," आई मागून म्हणाली, "सोड."